शून्य मीटरवरची शाळा

निवृत्त मास्तराला दोनच छंद परवडतात, बाग आणि भांडण, असं माझी बायको म्हणते. केडगावात आमच्या घरापुढे तुळशीची कुंडी ठेवण्यापुरतीच जागा आहे, म्हणून मी भांडण निवडलं. तेही असल्या लोकांशी, जे कधी समोर येत नाहीत.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमधून मी तेहतीस वर्षं शिकवलं. शिकवले सगळेच विषय, पण जीव भूगोलात. निवृत्त झाल्यावर मुलीनं तिचा जुना लॅपटॉप दिला आणि मला इंटरनेटवरच्या माहितीच्या साठ्यांचा शोध लागला. हे साठे प्रचंड असतात आणि सगळ्यांना खुले असतात. कुणीही वापरावेत, कुणीही दुरुस्त करावेत. त्यात प्रत्येक गावाची, नदीची, देवळाची, शाळेची एक नोंद असते आणि नोंदीत तिचे अक्षांश-रेखांश. एका साठ्यातली नोंद दुसऱ्या साठ्यातल्या नोंदीला जोडलेली, दुसरीची तिसरीला. म्हणजे सगळ्या जगाची माहिती एकमेकींचा हात धरून उभी. कल्पना मोठी छान आहे. पुढचा आंधळा असेल तर मागचे कुठे जातील, एवढा एकच प्रश्न कुणी विचारलेला नाही.

मी सहज म्हणून आपल्या भागातल्या नोंदी उघडल्या आणि माझं डोकं फिरलं. कोल्हारच्या अलीकडच्या एका देवळाची जागा जुन्या नकाशात एकोणीस अंश तीस मिनिटं अशी होती. कुण्या विद्वानानं मधे दशांश चिन्ह ठोकून ती १९.३० करून टाकली. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे, हे मी चौथीच्या पोरांना भिंतीवरचं घड्याळ दाखवून शिकवायचो. या विद्वानाला कुणी घड्याळ दाखवलं नसावं. देऊळ वीस-बावीस किलोमीटर दक्षिणेला सरकून डोंगरात जाऊन बसलं होतं. कोपरगावातलं एक वाचनालय गोदावरीच्या ऐन पात्रात होतं. आमच्या केडगावच्या नोंदीला पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं रेल्वे स्टेशन चिकटवलेलं होतं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तर एका साठ्यात आम्हाला दोन जिल्हे मिळाले, एक जुन्या नावाचा आणि एक नव्या. आम्ही आपले अजून नुसतं 'नगर' म्हणतो, त्यामुळे आम्ही नेमके कुठल्या जिल्ह्यात राहतो हे त्या साठ्यालाच ठाऊक.

सगळ्यात नामी चूक म्हणजे अदलाबदल. आमच्याकडचा अक्षांश एकोणीसच्या घरातला आणि रेखांश चौऱ्याहत्तरच्या. हे दोन आकडे उलट्या रकान्यांत भरले की माणूस थेट नॉर्वेच्या वर, गोठवणाऱ्या समुद्रात जाऊन पडतो. तिथे अस्वलाच्या नावाचं एक बेट आहे. त्या बेटाभोवतीच्या पाण्यातून मी आजवर एक दर्गा, एक बसथांबा आणि दोन पाझर तलाव बाहेर काढलेत. समुद्रात पाझर तलाव! भरणाऱ्यानं एकदा तरी नकाशा उघडून बघायचा. पण बघायचं कशाला? भरलं की झालं.

मी रोज दुपारी जेवणानंतर चुका काढायला बसायचो. साठ्यात प्रत्येक नोंदीमागे चर्चेचं पान असतं, तिथे मी शेरे लिहायचो. पोरांच्या वह्यांवर लिहिण्याची सवय होती, ती इथे कामाला आली. 'डोळे उघडे ठेवून लिहावे.' 'पुन्हा दहा वेळा लिहून आणणे.' परदेशातले काही सभ्य लोक उत्तरात आभार मानायचे. त्यानं मी आणखी चेकाळायचो.

असंच एकदा मला कोल्हारकडच्या महामार्गालगत एक ठिपका दिसला. शाळेचा होता. जवळ जाऊन बघतो तर एकाखाली एक असे नऊ ठिपके. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या हाताखालच्या, नऊच्या नऊ शाळा एकाच जागी. वरून बघणाऱ्याला एकच शाळा दिसायची, त्यामुळे कुणाला संशय आला नव्हता. आणि ती जागा मला चांगलीच ओळखीची होती. ते फाट्यावरचं चहाचं हॉटेल होतं. नऊ मुख्याध्यापक, सतरा वर्ग, खिचडीची पातेली, सगळं त्या भज्यांच्या कढईपाशी.

मी पोट धरून हसलो. मग चर्चेच्या पानावर लिहिलं, 'हे काम ज्या गाढवानं केलं त्याला शाळेत पुन्हा पहिलीपासून बसवावं.' दुरुस्ती मात्र केली नाही. नऊ शाळांचे खरे आकडे हाताशी नव्हते, आणि खरं सांगायचं तर तो ठिपका मला मोडवेना. आल्यागेल्याला दाखवायला बरा होता. पुढे एकदा नगरहून जाताना हॉटेलवाल्या चाचांनाही तो दाखवला. त्यांच्या वडलांपासून ते हॉटेल त्या फाट्यावर आहे. चाचांनी चष्मा वर करून बघितलं.

"नऊ शाळा? माझ्या हाटेलात?" ते म्हणाले. "मंग मलाच हेडमास्तर करा की गुरुजी. निदान भजी तरी येळेवर मिळतील पोरांना."

त्यानंतर वर्षभरानं, उन्हाळ्यात, वस्तीवरच्या बाईंचा फोन आला. पाटाच्या पलीकडे दहा-बारा घरांची एक शेतकरी वस्ती आहे आणि तिथे चौथीपर्यंतची एक खोलीची शाळा. माझी शेवटची सात वर्षं त्याच शाळेत गेली. मी निवृत्त झालो तेव्हा या बाई तिथे आल्या. एकट्याच शिकवतात, पट अकरा.

"गुरुजी, आपली शाळा यादीत आली," बाई म्हणाल्या.

कसली यादी ते विचारायची गरज नव्हती. कमी पटाची शाळा आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल, तर लहान शाळा बंद करून पोरं मोठीत पाठवायची, असं ठरलं होतं. आमची वस्ती आणि जवळची मोठी शाळा यांच्यात चांगलं साडेतीन किलोमीटर अंतर आहे. मधे पाट आहे, त्यावरचा एक अरुंद पूल आहे आणि शेवटी तो नगर-मनमाड रस्ता. ऊस सुरू झाला की त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं धावतात. मोठी माणसं ओलांडायला कचरतात, तिथे सहा वर्षांची पोरं दप्तर घेऊन ओलांडणार.

"पण अंतर?" मी म्हटलं.

"अंतराच्या रकान्यात शून्य मीटर लिहिलंय."

माझ्या डोळ्यांपुढे ती कढई आली. हसू मात्र आलं नाही.

यादी करणाऱ्यांनी शाळा बघितल्याच नव्हत्या. बाहेरच्या कुण्या सल्लागारानं खुल्या साठ्यांमधून ठिपके उचलले, संगणकानं दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं आणि यादी छापून निघाली. नऊ ठिपके एकाच जागी, त्यामुळे नवाही शाळांची अंतरं शून्य. बाकी आठ शाळांचा पट मोठा होता म्हणून त्या वाचल्या. वस्तीची सापडली.

मी दुसऱ्याच दिवशी वस्तीवर गेलो. बाईंनी त्यांच्या मोबाईलवर मूळ नोंद उघडून ठेवली होती, जिथून सगळ्या साठ्यांनी माहिती घेतली ती. "ही बघा गुरुजी," एवढंच म्हणून त्या फळा पुसायला लागल्या. आधीच पुसलेला फळा. नोंदीत शाळेचं नाव होतं, आकडे होते, आणि खाली 'माहिती भरणारा' असं लिहून माझं नाव.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी किती वर्षं शिकवली असेल.

मग आठवलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी दुपारी बाराला वरून आदेश आला होता, की प्रत्येकानं आपापल्या शाळेत उभं राहून अ‍ॅपवर शाळेची जागा नोंदवावी, आज संध्याकाळपर्यंत. त्या दिवशी केंद्राची बैठक होती, आम्ही नवाही शाळांचे मास्तर एकत्र होतो. वस्त्यांवर तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती. रेंज फाट्यावर मिळायची, म्हणून वरून काहीही मागवलं की आम्ही ते फाट्यावरच्या हॉटेलात बसून भरायचो. खिचडीचा तांदूळ, झाडांची संख्या, शौचालयाची लांबी-रुंदी, सगळी सरकारी माहिती त्या बाकड्यांवर जन्माला आली आहे. बैठक संपल्यावर आम्ही रिवाजाप्रमाणे तिथे गेलो. कुणीतरी म्हणालं, जागा नोंदवायचं तेवढं उरकून घेऊ. केंद्रप्रमुख म्हणाले, "भरा इथूनच, कोण बघतंय?" आणि सगळ्यात आधी मोबाईल काढून बटण दाबलं ते मी. मला अ‍ॅप चांगलं यायचं म्हणून बाकीच्यांचीही बटणं मीच दाबून दिली. एका हातात भजी होती. तेल लागू नये म्हणून करंगळीनं दाबलं, हेसुद्धा आठवलं.

मला त्या खोलीत, माझ्याच जुन्या खुर्चीपुढे, उभं राहवेना. लाज वाटली. नुसती वाटली नाही, कानापर्यंत तापली.

बाहेर वस्तीवरची एक आई पोराला घ्यायला आली होती. माझ्याच हाताखाली शिकलेली, आता तिचा मुलगा दुसरीत. तिला मी सगळं सांगितलं. न सांगून कुणाला फसवणार होतो?

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे गुरुजी, तुमी चहा प्यायला गेल्ता, आन् आमची शाळा तितंच ठिवून आलात व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"मंग आना की माघारी," ती म्हणाली आणि पोराला घेऊन निघून गेली.

मी शाळेच्या उंबऱ्यावर उभा राहिलो. आता तिथे रेंज होती. मोबाईलवर जागा तीनदा मोजली, तिन्ही वेळा आकडे जुळले. उंबऱ्याचा, फळ्याचा, पाटाचा फोटो काढला. घरी येऊन खुल्या साठ्यात दुरुस्ती केली आणि आधार म्हणून लिहिलं, 'स्वतः जाऊन मोजले.'

दुसऱ्या दिवशी शाळा परत हॉटेलात.

साठ्यात एक आपोआप चालणारी व्यवस्था असते, ती नोंदी ताडून बघते. तिचं म्हणणं असं, की स्वतः बघितलेलं हा पुरावा होत नाही, छापील किंवा नोंदलेला आधार हवा. उलट जुन्या जागेला तीन वेगवेगळ्या साठ्यांचा आधार आहे. मी ते तिन्ही साठे उघडले. पहिल्यानं मूळ सरकारी नोंदीतून उचललं होतं. दुसऱ्यानं पहिल्याकडून घेतलं होतं आणि तिसऱ्यानं दुसऱ्याकडून. एकाच म्हशीचं दूध तीन चरव्यांत ओतायचं आणि म्हणायचं, बघा, तीन म्हशी आहेत! आणि ती म्हैस तरी कोण, तर मी. माझ्या करंगळीला तीन साक्षीदार मिळाले होते आणि माझ्या दोन डोळ्यांना एकही नाही. मी पाच वेळा दुरुस्ती केली. पाचही वेळा ती उलटवली गेली आणि शेवटी मलाच ताकीद आली, की आपण चुकीची माहिती भरत आहात.

मग मी तालुक्याच्या गावी, यादीवाल्या कार्यालयात गेलो. साहेब पस्तिशीतले, वागायला नम्र. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"सर, सिस्टीममध्ये शून्यच दाखवतंय."

"साहेब, ते चहाचं हॉटेल आहे."

"असेल ना सर. पण सिस्टीममध्ये शाळा आहे."

"माझी मोटारसायकल खाली उभी आहे. चला, तासाभरात दाखवून परत आणून सोडतो."

"प्रत्यक्ष भेटीची तरतूद नाही सर." हे म्हणताना ते खरोखर ओशाळले. "तुम्ही दुरुस्तीचा अर्ज द्या. आम्ही वर पाठवतो."

गाढवापुढे गीता वाचण्याचा अनुभव मला होता, पण हे गाढव सज्जन होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. जिथे उभं राहून दहा मिनिटांत निकाल लागेल तिथे जायचं नाही. कागदी घोडे मात्र महिना महिना नाचवायचे. आणि बोलायचं कुणाला? तिथे जाऊन न बघता भरायची रीत मीच तर पाडली होती. मी खाली मान घालून अर्ज भरला. आकडे मोठ्या, सुवाच्य अक्षरांत लिहिले. अक्षांशापुढे अक्षांश, रेखांशापुढे रेखांश, दोन्हीच्या खाली रेघ. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जण अर्ज संगणकात चढवत बसला होता. त्याच्यापुढे हा ढीग. माझा अर्ज ढिगावर गेला.

पुढचे तीन आठवडे मी साठा उघडला नाही. बायकोनं विचारलं, भांडण मिटलं का? रोज सकाळी वस्तीचा रस्ता डोळ्यांपुढे यायचा. अकरा पोरं, पुढे बाई नाहीत, आणि समोरून ट्रॉल्या.

शाळा उघडायला आठवडा उरला असताना बाईंचा फोन आला. "सुटली, गुरुजी! यादीतून सुटली! कारण लिहिलंय, दुसरी शाळा विहित अंतराच्या आत नाही."

मी मोबाईल बायकोच्या हातात दिला आणि तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत गेलो. तिथे थोडा वेळ रडलो. मग पेढे आणले. खूप दिवसांनी लॅपटॉप उघडला, म्हटलं, आपला ठिपका आपल्या जागेवर बघून घेऊ. इतकी वर्षं खोटं बोललेल्या त्या नकाशाला एकदा तरी खरं बोलताना बघायचं होतं.

हॉटेलापाशी आठच ठिपके उरले होते, आपला नव्हता. वस्तीवरही नव्हता. मी शाळेचं नाव टाकून शोधलं, तसा नकाशा हलला आणि वर सरकू लागला. राजस्थान गेलं, हिमालय गेला, रशिया गेला. शेवटी सगळीकडे निळं पाणी आलं आणि नकाशा थांबला. डावीकडे ते अस्वलाचं बेट.

त्या टेबलावरच्या माणसानं माझ्या रेघा मारलेल्या आकड्यांची अदलाबदल केली होती. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पट अकरा, उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात. तिथून सगळ्यात जवळची मराठी शाळा जवळपास सात हजार किलोमीटरवर. संगणकानं बरोबर हिशेब केला होता. एवढ्या लांब पोरं चालत जाऊ शकत नाहीत, हे त्यालाही पटलं होतं.

आणि हे आता पक्कं झालं होतं, कारण या खेपेला ते सरकारी दुरुस्तीतून आलं होतं. महिन्याभरात बाकीच्या खुल्या साठ्यांनीही एकामागून एक तीच जागा उचलली. माझं 'स्वतः जाऊन मोजले' चाललं नव्हतं, समुद्र चालला. अर्ज दिला तर पुन्हा तोच ढीग, पुन्हा तेच टेबल. साठ्यात दुरुस्त केलं तर ती ताडून बघणारी व्यवस्था जुना आधार शोधणार आणि शाळा परत कढईपाशी आणून ठेवणार. यादी दर उन्हाळ्यात होते.

दिवाळीच्या सुमारास मला त्या साठ्यावर निरोप आला. नॉर्वेकडच्या कुण्या सभ्य माणसाचा, इंग्रजीत. त्यानं लिहिलं होतं, की आपण या भागातल्या चुका काळजीपूर्वक दुरुस्त करता असं दिसतं. आमच्या समुद्रात आपल्याकडची एक शाळा दाखवली आहे. ही जागा तपासून सांगाल का? खाली दोन चौकटी होत्या, बरोबर आणि चूक. चूक म्हटलं तर तो ठिपका काढून टाकणार होता.

हा पहिलाच माणूस होता ज्यानं नकाशा उघडून बघितलं होतं. दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तो हाच, आणि तो विचारत होता मलाच. मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून मोटारसायकल काढली आणि वस्तीवर गेलो. ऊस सुरू झाला होता. महामार्गावर ट्रॉल्यांची रांग लागली होती, मला ओलांडायला दहा मिनिटं लागली. पाटावरून जातानाच पोरांचा आवाज आला. बाई पाढे म्हणून घेत होत्या. उन्हाळ्यात शाळेबाहेर भेटलेली ती आई बांधावर गवत कापत होती. मला बघून तिनं विळा खाली ठेवला.

"आनली का गुरुजी शाळा माघारी?"

मी शाळेकडे बोट दाखवलं. ती हसली आणि पुन्हा गवत कापायला लागली.

घरी येऊन मी लॅपटॉपपुढे बसलो. तेहतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. उपाशी पोराच्या, रडणाऱ्या पोराच्या, स्वतःच्या मुलीच्यासुद्धा. चुकलेल्या उत्तरावर बरोबरची खूण मी कधी केली नव्हती.

मी 'बरोबर' दाबलं. करंगळीनंच.